मामाजींचे जहाज

"उन्हाळ्यात थे समुद्राचं पानी किती उतरते जी?"

आमगाव स्टेशनात गाडी थांबली आणि डब्याच्या खिडकीत नौदलाची पांढरी टोपी दिसली, की मामाजी धोतराचा सोगा सावरत धावायचे आणि हा प्रश्न विचारायचे. टोपीवाला हसायचा, गाडी सुटायची, आणि मामाजी पुढल्या गाडीची वाट पाहत माझ्या पार्सल ऑफिसात येऊन बसायचे. सगळे गाव त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते आणि मी स्टेशनात नवा बाबू होतो.

तुम्ही म्हणाल, समुद्र कधी आटतो का? पण मामाजींनी समुद्र पाहिलाच नव्हता, तलाव पाहिला होता. त्या मुलखात गाव तिथे तलाव. त्यात बुडालेला डोंगा जेठ महिन्यात पाणी उतरले की आपोआप उघडा पडतो. मग एवढे मोठे लोखंडी जहाज उघडे का पडू नये? त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईच्या दिवसांत त्या जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा घालायला होता. जहाज बुडाले आणि मुलगा बेपत्ता आहे, एवढेच सरकारने कळवले होते. कुठे बुडाले, कसे बुडाले, हे कोणी सांगेना.

तेव्हा मामाजींनी स्वतःच शोध घ्यायचे ठरवले. चांगले खातेपिते पोवार गृहस्थ. धानाची शेती, घरी गडीमाणसे. पण ऐन रोवणीत शेत गड्यांवर टाकून हा माणूस फलाटावर. कलकत्त्याकडे जाणारा शिपाई असो की मुंबईहून येणारा खलाशी, त्याला विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. कोणी सांगे, ते जहाज आधी कराचीला होते. कोणी सांगे, रंगूनहून पळालेली माणसे त्यानेच आणली. ऐकलेले ध्यानात राहावे म्हणून मामाजी माझ्या वजनकाट्यावर धानाचे दाणे मांडायचे. हा दाणा कराची, हा मुंबई, हा रंगून. पार्सल आले की मी फुंकर मारायचो आणि कराची थेट रुळांवर जायची.

"कायले उडवता जी?" म्हणत ते पुन्हा खिशात हात घालायचे.

एकदा मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "मामाजी, आता आशा सोडा."

ते रागावले नाहीत. "आशा मी कवाचीच सोडली, बाबू. घरी सून आहे. मायबापाविना पोरगी. लगन झालं अना थो चालला गेला. बेपत्ता मानसाची बारा वर्सं वाट पाहा म्हनतेत लोकं. मंग तिचं का उरते? आमच्यात दुसरा पाट लागते. पन नुसत्या अंदाजानं तिचं कुकू मी कसा पुसू? उद्या थो आला त?"

त्या दिवसापासून मी फुंकर मारणे बंद केले. उलट कोणी खलाशी उतरला की मीच मामाजींना हाक मारू लागलो.

आणि एका दुपारी पॅसेंजर खोळंबली असताना पाणी प्यायला एक प्रौढ खलाशी उतरला. मामाजींनी जहाजाचे नाव सांगताच त्याचा लोटा हातातच राहिला. ते बुडाले तेव्हा त्याचे जहाज शेजारीच होते. पाणी उतरण्याचा प्रश्न ऐकून तोही हसला, पण मामाजींचे तोंड पाहून लगेच थांबला.

"बाबा, वहाँ का पानी नहीं उतरता. ताड़ पर ताड़ रखो, तब भी तला नहीं मिलेगा."

"अना एंजिनघरातले?"

"नीचे से कोई नहीं आया. हमने बहुत ढूँढा."

"झूठ मत बोलना, भाऊ. एक लड़की का जनम अटका है."

"अपनी आँख से देखा, बाबा."

मामाजींनी आपली शिदोरी त्याच्या हातात दिली, त्याला डब्यात नीट बसवून दिले. गाडी गेल्यावर मात्र वजनकाट्याला टेकून पोटभर रडले. मलाही आवरले नाही.

त्यांनी पळसाच्या देठांचा पुतळा करून मुलाला अग्नी दिला. मुलगा येईल म्हणून अजून वाट पाहणाऱ्या मामीजींनी कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पुढल्या वर्षी सौंदडच्या एका भल्या माणसाशी सुनेचा पाट लागला. हातची सून घालवली म्हणून लोकांनी त्यांना नावे ठेवली. लोकांचे काय, घरात ठेवली असती तरी ठेवलीच असती.

मग मामाजी स्टेशनात यायचे बंद झाले. खरे सांगतो, त्यांच्यावाचून मला करमेना.

दीडेक वर्षाने त्यांची रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, स्टेशनाबाहेर उभी दिसली. बैलांच्या मागे धानाच्या तणसाचा जाड थर आणि त्यावर दुहेरी गोधडी.

"आज कोण खलाशी?" मी विचारले.

"खलाशी नाही जी. पोरगी येऊन राहिली."

गाडीतून सून उतरली. दिवस भरत आलेले दिसत होते. मामाजींनी तिची पेटी डोक्यावर घेतली आणि तिच्या चालीने हळूहळू चालू लागले. मी नुसता पाहत राहिलो, तेव्हा माझ्याजवळ येऊन थांबले.

"असे का पाहून राहिले, बाबू? पयलं बाळंतपन माहेरीच होते ना."