मामंजींच्या नमुन्याच्या पगड्या

माझे सासर ठाण्याचे, आणि सासरे पगडबंद. बाजारात खाली दुकान, वर आमचे बिऱ्हाड, आणि जिन्यालगत एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीत कोणी निजत नसे, की धान्य ठेवीत नसे. तिथे फक्त पगड्या होत्या. प्रत्येक पगडी आपापल्या कालबुतावर, म्हणजे डोक्याच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर, चढवलेली आणि वरून मलमलीचा तुकडा पांघरलेली. लग्न होऊन आले तेव्हा चुकून ते दार माझ्या हातून उघडले गेले आणि अंधारात माणसेच ओळीने बसली आहेत असे वाटून मी मागे सरले. शेजारच्या बायका पुष्कळ दिवस त्यावरून हसत.

घराण्याची रीत अशी होती, की नव्या घडणीची पगडी बांधायला आली की एका वेळी दोन बांधायच्या. एक गिऱ्हाइकाची, दुसरी घरची. मामंजींच्या आजोबांपासून हे चालत आलेले. त्या काळी पगडीवरून माणूस कळे. प्रभू, ब्राह्मण, सोनार, वाणी, ज्याची त्याची घडण निराळी, आणि एकाच जातीत कल्याणकरांचा पेच भिवंडीकरांसारखा नसे. कोणी येऊन म्हणाले, "आमच्या वडिलांची होती तशी बांधा," की मामंजी एवढेच विचारीत, "वडील कुठले?" मग वर येऊन त्या खोलीतली एक पगडी उचलून खाली नेत, आणि गिऱ्हाईक ती पाहून कधी कधी डोळे पुशी. आमच्या प्रत्येक पगडीच्या आत, कपाळपट्टीशी, लाल रेशमाचे टाके असत. लोक पगडी उलटी करून आधी ते टाके पाहत, मग बाकीचे बोलत. पनवेलचा कोणी दुकानदार तसेच टाके घालून आपला माल खपवतो असे कळले, तेव्हा मामंजी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे खोलीची राखण माझ्याकडे आली. ठाण्याची हवा खाडीची. पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरते, तिथे खळ दिलेल्या कापडाची काय कथा? खळीच्या वासाने झुरळे येत, कसर लागे. मी शेगडीवर कडुनिंबाचा पाला घालून धूर करी, आश्विनातल्या उन्हात एकेक पगडी गच्चीवर सावलीच्या कडेला ठेवी, पुन्हा आत नेई. हे सगळे करताना माझ्या मनात एकच टोचणी. कोणती पगडी कोणाची, हे एकट्या मामंजींना ठाऊक.

माझे वडील कल्याणला शाळामास्तर होते, त्यांनी मला लिहायला शिकवले होते. मी आमच्या यांच्याकरवी मामंजींना विचारून पाहिले, प्रत्येक पगडीला एक चिठ्ठी बांधू का? मामंजी खालूनच म्हणाले, "सूनबाईला सांग, घरातल्या माणसांच्या गळ्यात कोणी नावाच्या पाट्या बांधीत नाही."

यांना त्यात काही वाटले नाही. हे कल्याणच्या स्टेशनावर मालधक्क्यावर कारकून होते, रोज गाडीने जाऊन येऊन करीत. डोक्याला गोल टोपी. पगडबंदाचा मुलगा टोपी घालतो म्हणून मामंजी कष्टी असत, पण तेही बोलून दाखवीत नसत. त्या घरात महत्त्वाचे काही बोलून दाखवायचेच नाही, अशी जणू शपथ होती.

मग एके दिवशी कचेरीतला एक कारकून दुकानी आला. मुंबईत प्रदर्शन भरायचे आहे, जिल्ह्यातली कारागिरी तिथे मांडायची आहे, साहेबांनी तुमच्या पगड्यांचे नाव काढले आहे, असे सांगू लागला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते. मामंजींचा आवाज इतका मऊ झालेला मी पूर्वी ऐकला नव्हता. त्यांनी कारकुनाला वर आणून खोली दाखवली आणि त्याने बोट दाखवले त्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या, पगड्या द्यायचे कबूल केले.

रात्री जेवणे झाल्यावर मी यांना म्हटले, "अहो, मामंजींना सांगा ना, नव्या बांधून पाठवा म्हणावे. नव्या हरवल्या तर पुन्हा होतील."

यांनी सांगितले. मामंजी म्हणाले, "नव्या कोणीही बांधील. जुन्या कोणाकडे आहेत?"

"पण परत आल्या नाहीत तर?" यांनी विचारले.

"सरकारी काम आहे. परत का येणार नाहीत?"

एवढे मात्र झाले, की परगावी जायच्या म्हणून चिठ्ठ्या बांधायला त्यांनी मला परवानगी दिली. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. तेवढी एक दुपार त्या घरातली माझी सर्वांत सुखाची दुपार. कोणत्या गावच्या देशमुखांची, कोणत्या सावकाराच्या मुंजीतली, कोणती त्यांच्या वडिलांनी ताप अंगात असताना बांधली, सगळे त्यांनी सांगितले. मी कागदाच्या लहान पट्ट्यांवर तेवढे मावेल तसे लिहून दोऱ्याने बांधले. आणखी एक नक्कल काढून ठेवायला हवी होती, पण दारात हमाल उभे होते आणि कारकून घाई करीत होता. गवत घालून पेट्या भरल्या आणि गेल्या.

प्रदर्शन भरले, संपले. कोणी पाहून आलेला सांगे की तुमच्या पगड्या काचेच्या कपाटात होत्या. मामंजी ते चार माणसांना सांगत. पुढे पाऊस लागला, पाऊस संपला, पेट्या आल्या नाहीत. हे कचेरीत गेले. तिथे म्हणाले, वर लिहिले आहे. वर कुठे, ते कोणी सांगेना. यांनी अर्ज केला, मग आणखी एक केला. गिऱ्हाईक येऊन जुना नमुना मागे आणि मामंजी म्हणत, "मुंबईला गेला आहे." आधी हे ते अभिमानाने म्हणत. नंतर नुसतेच म्हणत. नंतर गिऱ्हाइकाकडे न पाहता म्हणत.

पेट्या सापडल्या त्या कल्याणला, यांच्याच मालधक्क्यावर. मिठाच्या गोणींमागे ताडपत्रीखाली पडून होत्या. कोणीतरी ठाण्याऐवजी कल्याणला उतरवल्या आणि वर इंग्रजीत नुसते 'देशी टोप्या' लिहिलेले, म्हणून कोणी आपल्या म्हणेना. हे रोज त्या ताडपत्रीशेजारून जात होते. ज्या मेजाशी बसून अर्ज लिहिले ते मेज आणि त्या पेट्या यांच्यामध्ये एक भिंत होती. संध्याकाळी घरी येऊन यांनी ते सांगितले, तेव्हा मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी फक्त विचारले, "ताडपत्री एकदाही उचलून पाहिली नाहीत?"

"रोज शंभर पेट्या येतात गं," हे म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

पेट्या दुकानात उघडल्या. गवत कुजले होते. पगड्या एकावर एक कोंबलेल्या, माथे बसलेले, पुढच्या चोची वळलेल्या, किरमिजी रंग ओलीने शेजारणीवर उतरलेला. माझ्या चिठ्ठ्या एकीलाही नव्हत्या. त्यांच्या जागी इंग्रजी आकड्यांचे कागद डकवले होते, आणि ते आकडे कशाचे हे सांगणारे कोणी नव्हते. एक पगडी तर आमची नव्हतीच. आत टाके नाहीत, घडण कुठल्या दूरच्या प्रांताची. आमची एक तिच्या बदल्यात कुठे गेली देव जाणे.

मामंजी ओरडले नाहीत. एकेक हातात घेऊन फिरवीत ते नावे सांगू लागले. बऱ्याच ओळखल्या. दोन मात्र इतक्या चेपल्या होत्या की त्यांनी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि खाली ठेवल्या. मग त्यांनी सुई घेतली आणि ते आपल्या वडिलांच्या हातची म्हणून सांगितलेल्या पगडीचे टाके उसवायला लागले.

मी दारात उभी होते. आजवर मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. त्या दिवशी पदर सावरून पुढे झाले. "मामंजी, सोडू नका. सोडली की गेली ती."

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मग काय, अशी चिरडलेली ठेवायची?"

"चिरडलेली असली तरी त्यांच्या हातची आहे."

"त्यांच्या हातची अशी नव्हती. ही पाहून कोणी म्हणेल, याला बांधता येत नव्हते."

त्यांनी ती सोडली. कापड निघतच राहिले, सबंध दुकानभर झाले. आतल्या पेचांत रंग ताजा होता, काल रंगाऱ्याकडून आणल्यासारखा. मामंजी तो बोटांनी चाचपत बसले. मग कालबूत मांडीशी घेऊन ते पुन्हा बांधायला लागले. उन्हे कलेपर्यंत बांधत होते. पगडी सुरेख झाली. मला वाटले, हरले मी, बरे झाले.

पण त्यांनी ती दूर ठेवून पाहिली, जवळ आणली, आणि म्हणाले, "ही माझी झाली. बाबांची नाही."

त्यानंतर त्यांनी एकही सोडली नाही. तशाच चेपलेल्या वर नेऊन ठेवायला सांगितल्या. मला राग कोणाचा यावा तेच कळेना. कारकुनाचा, यांचा, की मामंजींचा? ते खरे बोलत होते आणि मीही खरे बोलले होते, आणि दोन्ही खरी असून पगडी गेली ती गेलीच.

त्या हिवाळ्यात मी यांच्याकरवी नाही, स्वतःच विचारले. तुम्ही बांधता तेव्हा मी शेजारी बसून लिहून घेऊ का?  दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाची आतली बाजू झाडून घ्यायला सांगितली आणि तिथे एक पाट टाकला.

मी लिहायला बसले खरी, पण ते काम वाटले होते तसे नव्हते. ते म्हणत, "इथे जरा दाब." किती दाब? "लागेल तेवढा." पीळ किती? "कापड सांगते." मी चिडून लेखणी खाली ठेवी. तेही चिडत. "लिहिण्यासारखे असते तर आमच्या आजोबांनी नसते का लिहिले?" मग मी शब्द सोडले आणि चित्रे काढू लागले. चित्रकला मला येत नव्हती. पहिल्या पगड्या कोबीच्या गड्ड्यासारख्या दिसत आणि त्या पाहून मामंजी हसले, त्या घरात मी त्यांचे हसणे ऐकले ते तेवढेच. हळूहळू जमत गेले. काही घडणी सबंध उतरल्या, काही अर्ध्या. अर्ध्या राहिल्या त्या राहिल्या, कारण पुढच्या वर्षी मामंजींचा उजवा हात लकव्याने गेला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते गेले.

दुकान चालवायला कोणी नव्हते. पगडी बांधून घ्यायला येणारेही कमीच झाले होते. तयार पगड्या मुंबईहून येत, आणि तरुण मंडळी टोप्या घालीत. आम्ही कल्याणला बिऱ्हाड केले. पगड्या मी कालबुतांसकट बरोबर आणल्या. इथे खोली नाही, एक कपाट आहे. लग्नसराईत आणि नाटके बसवायच्या दिवसांत शेजारीपाजारी मागायला येतात. मी देत नाही. "पडून तर आहेत, दिल्या तर काय झिजतील?" असे बोलून जातात. पूर्वी मी समजावून सांगत असे. आता नुसती मान हलवते.

गेल्या वर्षी डोंबिवलीहून एक गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांची पगडी आमच्या दुकानची होती, आणि मुलाच्या लग्नात त्याने तशीच घालावी अशी त्यांची इच्छा. मी नमुना काढला. तो त्या चेपलेल्यांतला. ते पाहून म्हणाले, "अशीच होती हो. पण ही कशी घालणार?"

मी म्हटले, "ही देणार नाही. पण हिच्यावरून बांधून घेऊ."

भिवंडीला एक म्हातारे पगडबंद अजून काम करीत होते. त्यांना बोलावून माझी चित्रे पुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट फिरवून पाहिली. आपल्या कालबुतावर बांधायला बसले तर हात त्यांच्या सवयीने जाई आणि पेच भिवंडीचा पडे. मी म्हणे, "असा नाही, उजवीकडून." ते म्हणत, "बाई, उजवीकडून कोणी घेतच नाही." मी म्हणे, "आमचे मामंजी घेत." सोडवून पुन्हा बांधायला लावली, पुन्हा सोडवली. शेवटी वैतागून त्यांनी कापड माझ्यापुढे ढकलले आणि म्हणाले, "तुम्हीच घ्या मग."

मी घेतले. पहिले दोन पेच मी घातले, पुढचे त्यांनी. पगडी हुबेहूब झाली नाही, पण डोंबिवलीच्या गृहस्थांनी ती हातात घेतली तेव्हा त्यांना ती पटली.

लग्नाला आम्हाला बोलावणे होते. नवऱ्या मुलाला पगडी मोठी झाली होती, ती सारखी कानांवर उतरे. अक्षता पडेपर्यंत त्याने ती एका हाताने धरून ठेवली. पंगत बसायच्या आधी त्याने ती काढून आईकडे दिली आणि खिशातली टोपी घातली. त्याचे वडील माझ्या यांना म्हणाले, "उन्हाचा घाम फार येतो हो पोराला." हे म्हणाले, "येणारच."

घरी आल्यावर मी चित्रांची चळत काढली. माथ्याचा घेर चुकला होता तो माझ्याच चित्रात, कालबुताचे माप मी कुठेच दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी सुतळी घेऊन एकेक कालबूत मापायला बसले. हे दारातून पाहून म्हणाले, "आता कोणासाठी?"

 सुतळीचे दुसरे टोक धरायला कोणी हवे होते, म्हणून ते मी यांच्या हातात दिले.