मालगाडी बघायची राहिली

फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार, रक्कम एक हजार चारशे चाळीस रियाल, हजर तिघे: मी, माझी बायको आणि मागच्या गल्लीत एकटे राहणारे चाचा. सौदीतल्या रास अल खैरच्या आमच्या प्लांटमधला एक इंग्रज इंजिनियर कायमचा मायदेशी चालला होता. त्याच्याकडून आम्ही ब्रिटिश रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचं विजेवर चालणारं मॉडेल घेतलं. सोबत रूळ आणि तीन प्रवासी डबे. पैसे निम्मे चाचांचे, निम्मे माझे.

चाचा रत्नागिरीकडचे. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, ड्रायव्हर, पण कित्येक वर्षं काम स्टोअरचं, आणि अडलं की गाडीवरही. म्हणूनच त्यांना हे इंजिन आवडलं असावं. ब्रिटनमध्ये पूर्वी प्रवासी गाडीला मोठ्या चाकांचं, वेगाचं इंजिन असे आणि मालगाडीला लहान चाकांचं, ताकदीचं. एकाचं काम चालू असताना दुसरं नुसतं उभं. मग मधल्या मापाची चाकं देऊन दोन्ही गाड्या ओढणारं ‘मिक्स्ड ट्रॅफिक’ इंजिन आलं. सुरुवातीला ते दोन्हीकडे कामचलाऊच होतं. पुढे बॉयलर सुधारले, वाफ आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सुधारले, आणि मधल्या चाकांवरही चांगला वेग मिळू लागला. वाफेच्या अखेरच्या वर्षांत जी इंजिनं उरली, त्यांत ही बरीच होती. हे मी वाचून सांगितलं तेव्हा चाचा खूश झाले.

“बघा वहिनी, दोन्ही कामं येणाऱ्याला सगळ्यात शेवटी काढतात.”

“तुम्हाला कोण काढतंय? स्टोअरमध्ये काय कुठे ठेवलंय ते दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही.”

“म्हणून तर सांगत नाही कोणाला.”

मालाचे डबे इंग्लंडहून मागवायचे होते. मी कुरियर म्हणालो. “कशाला? साध्या टपालाने येऊ द्या. मी काय पळून चाललोय?” चाचांची अट एकच: या इंजिनाने आधी प्रवासी गाडी ओढायची, मग मालगाडी. दोन्ही बघितल्याशिवाय इंजिन चाललं असं म्हणायचं नाही.

एप्रिलमध्ये ऑफिसात इकाम्यांची तपासणी झाली. ड्रायव्हरच्या इकाम्यावर स्टोअर सांभाळता येत नाही असं ठरलं, आणि गाड्या तर आधीच ठेकेदाराकडे गेल्या होत्या. चाचा स्टोअरच्या यादीत नव्हते, ड्रायव्हरच्याही नव्हते. फायनल एक्झिट लागला, म्हणजे कायमचं मायदेशी. डबे अजून वाटेतच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये रूळ मांडले. प्रवासी गाडी छान धावली. बायकोने एका डब्याच्या टपावर खजुराचं पाकीट ठेवलं. “घ्या, झाली मालगाडी.”

“प्रवाशांच्या डोक्यावर खजूर ठेवून मालगाडी होते होय, वहिनी?” चाचा हसले, पाकीट उचललं आणि खजूर खात बसले. आणखी एकदा चालवू का, असं मी विचारलं.

“नको. खलास. अर्धं बघून झालं.” इंजिन ते माझ्याकडेच ठेवून गेले.

ते गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात डबे आले. मी फोन केला.

“मग चालवा की. व्हिडिओ पाठवा.”

“तुम्ही समोर नसताना नको वाटतं.”

“बरं. तुमची मर्जी, साहेब.” मग त्यांनी विचारलं, “डबे कुठल्या रंगाचे आहेत?”

खोका मी उघडलाच नव्हता, त्यामुळे सांगता आलं नाही.

“त्यांना रंग तरी सांगायचा होतात,” बायको म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. पण मी खोका उघडून पुन्हा फोन केला नाही. शनिवारी इंजिन, रूळ, प्रवासी डबे आणि तो न उघडलेला खोका असं सगळं एका पेटीत भरून जुबैलला कार्गोवाल्याकडे नेलं. आता दोन्ही गाड्या त्यांच्या घरी धावतील. प्रवासी गाडी मी पाहिली आहे; मालगाडी ते एकटेच पाहतील.

रत्नागिरीपर्यंतचे दोनशे दहा रियाल कार्गोवाल्याला दिले. त्यातले निम्मे चाचांकडे मागितले नाहीत.