ईस्टरच्या सकाळी आत्याबाई गायल्या

दुष्काळात विहीर खोल करायच्या कामावर दरड कोसळली आणि माझा नवरा तिच्याखाली गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पाथर्डीकडच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं थोडीच. मातीला सगळी आली. त्यानंतर महिनाभरात ईस्टर आला.

त्या पहाटे सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, माझ्यापुढं लग्नातलं हिरवं लुगडं ठेवलं. "हे नेस. आज सण हाय."

मी जुनेरच नेसून गेले.

आमच्याकडं ईस्टरला उजाडायच्या आत कबरस्तानात जमायची रीत होती. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे." ढोलकीवर थाप पडली आणि आत्याबाईंनी भजन उचललं. खणखणीत आवाजात, टाळ्या वाजवत. पोटच्या पोराची माती अजून बसलीही नव्हती आणि ही बाई त्याच्याशेजारी उभी राहून गात होती. माझ्या बाजूचं एक माणूस उरलं होतं, तेही फितूर झालं, असं मला वाटलं. देव तर आधीच झाला होता.

भजन संपल्यावर मी सगळ्यांदेखत विचारलं, "आत्याबाई, तुमचाच ल्योक ना तो? गानं सुचतं कसं तुमाला?"

पाळकसाहेब काही बोलणार होते, त्यांना आत्याबाईंनी हातानं थांबवलं.

"रडायची थांबले न्हाई मी, पोरी. चुलीपुढं रोज रडते. पन येसू मातीतनं उठला हे खरं असंल, तर माझा ल्योक बी उठंल. ह्ये एवढंच हाय माझ्यापाशी. म्हनून गाते."

"मला तो आत्ता पायजे," मी म्हणाले.

आत्याबाई खाली बसल्या, हात कबरीवर टेकला आणि म्हणाल्या, "मला बी."

लोक पांगले. आम्ही दोघी उन्हं वर येईपर्यंत तिथंच बसलो. मग त्यांनी मला उठवलं, घरी आणलं, दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी भिजवून पुढं ठेवली. मी खाल्ली.

देवाशी माझं भांडण पुढं कित्येक वर्षं चाललं. आत्याबाईंचा आनंद मला त्या दिवशी मिळाला नाही. पण तो खोटा नव्हता, एवढं मात्र कळलं.