वाघ नसलेला पट

माझे वडील कोशाची, म्हणजे रानरेशमाची, लुगडी विणत. धागा एकसारखा, काठ सरळ. मला मात्र आवडायचा तो फुटक्या कोशांतून मांडीवर वळून काढलेला जाड, गाठाळ धागा. "असा धागा लुगड्यात चालत नाई," वडील म्हणायचे. म्हणून मी लुगडीच सोडली आणि भिंतीवर टांगायचे पट विणू लागले. पळसफुलांचा पिवळा, ऐनाच्या सालीचा तपकिरी, गंजलेले खिळे भिजवून केलेला काळा. गाव हसलं. मी विणत राहिले.

पण पट खपायचे ते वाघाचेच. मोहर्लीच्या, वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टसाठी मी कित्येक वर्षं वाघ विणले.

एका चैत्रात माझी थोरली जाऊ पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला मारलं. माझे कोसे उकळायला, धागा वळायला तीच माझ्याजवळ बसायची. तेरवीनंतर रिसॉर्टचा निरोप आला: जेवणाच्या हॉलसाठी मोठा वाघ हवा.

"वाघ नाई विणत आता," मी मॅनेजरला फोनवर सांगितलं. "दुसरं विणतो. पाहून घ्या."

चार महिन्यांनी पट घेऊन गेले. खाली मोहफुलांचा सडा, कडेने काळं जंगल, आणि मधोमध बाईच्या उंचीची जागा न विणलेली. तिथे फक्त ताण्याचे उभे धागे.

"मावशी, यात वाघ कुठे आहे?" मॅनेजर म्हणाला.

"तुमच्या पाहुण्याइले वाघ दिसते. आमाले हे दिसते."

"निदान ही जागा तरी भरून द्या. लोक इथे जेवायला बसतात."

"आमी बी जेवतोच ना भाऊ, तिची जागा रिकामी ठेवून. नाई भरत."

त्याने पट घेतला नाही. मी तो गुंडाळून बसने परत आणला आणि गावच्या समाजमंदिरात लावला. जावेची लेक आली, त्या उभ्या धाग्यांवर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहिली. माझ्यासाठी त्याच दिवशी त्या पटाचं काम झालं.

पुढे नागपूरहून एक बाई प्रदर्शनासाठी पट मागायला आल्या. मी म्हटलं, "हा इथीच राहीन. पाहायचा असन त्यानं गावात यावं." त्या हसल्या, मला हवा तसा दुसरा पट विणायला सांगून गेल्या.

आता साठी उलटली आहे. सध्या मागावर आहे तो पट चौकोनीसुद्धा नाही. त्याची खालची कड उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या, छोट्या तळ्याच्या, काठासारखी वेडीवाकडी जाते. परवा एकाने विचारलं, "काऊन वाकडा केला?"

"सरळ पाहिजे तर बाजारातून चादर आण," मी म्हटलं आणि पुढची ओळ ठोकली.