भातावर तुम्हीप

आमच्या घरी, गव्हाणला, कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नसे. आई बाबांना 'तू' म्हणायची, आम्ही भावंडं दोघांनाही 'तू' म्हणायचो, आणि सरपंच ओटीवर आला तरी काकू त्याला 'बस, पानी पी' असंच सांगायची. एकट्या माणसाला 'तुमी' म्हणायचं ते फक्त सरकारी साहेबाला, नाहीतर ज्याच्याशी बिनसलंय त्याला.

मी पनवेलला कॉलेजात गेले आणि शहाणी झाले. वर्गातल्या मुली वडिलांशी 'अहो बाबा, तुम्ही' असं बोलत आणि माझ्या बोलण्याला तोंड दाबून हसत. त्या दिवाळीत घरी आल्यावर मीही बाबांना 'तुम्ही' म्हणायला लागले. आईचं 'तू' तसंच राहिलं, कारण आईला त्या मुलीही 'तू'च म्हणत. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवडलं असेल. मान कुणाला आवडत नाही?

त्याच कॉलेजात मला त्या इंग्रजी कादंबऱ्या भेटल्या. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, घरात चार-पाच उपवर मुली, गावात नवा आलेला जमीनदार, चौकशा करणाऱ्या आत्या-मावश्या, आणि एक पत्र जे फार उशिरा पोचतं. मी त्यांच्या अशी नादी लागले की पुढे तशाच तीन कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. तिन्ही घडतात इंग्लंडातच. इंग्लंड मी पाहिलेलं नाही. एप्रिलमध्ये पनवेलची वीज गेलेली असताना, घामाने कागद चिकटत असताना, मी बर्फ पडल्याची वर्णनं लिहिली आहेत. प्रकाशकांच्या वाऱ्या करण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून पुस्तकं मीच काढते. फाइल मीच लावते, मुखपृष्ठ मीच करते, वेबसाइटवर मीच चढवते. नवरा म्हणतो, आता वाचूनही तूच घे. तरी थोडे वाचक मिळाले. त्यांना आवडायची ती एकच जागा: नायिका नायकाला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही'ऐवजी 'तू' म्हणते ती. इंग्रजीत ही सोय नाही. माझं सगळं भांडवल त्या एका शब्दावर.

बाबांना ही पुस्तकं मी दिली नव्हती. ते सातवी शिकलेले, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. दर भेटीत विचारायचे, "गोऱ्यांचाच संसार मांडत बसतेस. आपल्या मिठागराव कवा लिवनार हायस?"

मला ते बोलणं लागलं, आणि पटायलाही लागलं. विमानतळाला जमिनी जाऊन बदल्यात प्लॉट मिळाल्यापासून आमच्या भागात लग्नाच्या मांडवात पहिला प्रश्न 'मुलगा काय करतो' हा राहिलेला नाही, 'प्लॉट किती आणि उलव्यात कुठल्या सेक्टरला' हा आहे. बायका हे विचारताना चेहरा कसा साळसूद ठेवतात ते बघताना एकदा मला हसूच फुटलं. त्या इंग्रजी आत्या-मावश्या पहिल्या वाचनातच मला इतक्या ओळखीच्या का वाटल्या होत्या, ते कळलं. मग चौथी कादंबरी मी घरी आणली. मिठागरं चालू होती तेव्हाचा काळ, मीठ ओढणारा बाप, त्याच्या चार मुली, आणि शहरातून आलेला, जमीन राखून असलेला एक अविवाहित तरुण. बाप म्हणजे माझेच बाबा. थोरली त्याला 'तू' म्हणते, त्याच्याशी भांडते, त्याच्या भेगाळलेल्या टाचांना तूप लावते. पुस्तक बाबांसाठीच लिहिलं होतं. त्यांनी ते वाचून 'बरोबर हाय' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

मुद्रितं तपासणाऱ्या बाई पनवेलच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी सगळं वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण नायिका पहिल्या भेटीतच त्याला अरे-तुरे करते, वडिलांनाही करते. वाचकाला खटकेल." मी म्हणायला हवं होतं, खटकू दे. म्हटलं नाही. वर्गातलं ते हसू इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकू आलं आणि मी मान डोलावली.

तीन आठवडे 'तुला'चं 'तुम्हाला' आणि 'येशील'चं 'याल' हाताने करत बसले. नुसता 'तू' तेवढा शेवटी ठेवला होता, तो काय कॉम्प्युटर बदलेल. शेवटच्या दिवशी 'तू'च्या जागी 'तुम्ही' घाल असं त्याला सांगितलं, 'सगळे बदला' दाबलं आणि कंटाळून फाइल तशीच चढवून दिली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणारी ती सोय आहे. मी दोन प्रती मागवल्या: एक मला, आणि एक थेट गव्हाणला, बाबांच्या नावाने.

माझी प्रत सकाळी आली. मधलंच पान उघडलं. नायिका भातावर 'तुम्हीप' वाढत होती. पुढच्या पानावर अंगणात 'तुम्हीर' वाळत होती. नायकाचा 'हेतुम्ही' शुद्ध होता. 'ऋतुम्ही' बदलला होता.

आधी मी हसले. मग दुसरी प्रत आठवली आणि हसू पळालं. मी स्कूटर काढली. उलव्याच्या अलीकडे डंपरची रांग होती, धुरळ्याने पुढचं काही दिसत नव्हतं. कुरियर अजून आला नसला तर बरं, एवढंच मनात घोळत होतं. चुकीच्या प्रती जगात दोनच, आणि त्यातली एक नेमकी त्यांच्या हातात पडायची.

आई जाऊन आता पाच वर्षं झाली. भाऊ-वहिनी लग्नाला गेले होते. बाबा एकटेच ओटीवर बसलेले, चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर आणि बोट ओळीवर.

"तुम्ही वाचू नका ते," मी हेल्मेट काढता काढताच म्हणाले. "छपाई चुकली आहे."

"अर्धा झाला वाचून. मिठागराचा सगला बरोबर हाय." बाबांनी बोट न काढता वर पाहिलं. "पन ही पोरगी बापाव रुसली हाय का?"

"कोण पोरगी?"

"हीच. बापाला तुमी म्हनते. मी बगतोय, कवा रुसवा जातोय हिचा. अर्धा बुक झाला, अजून तुमीच."

"रुसलेली नाही ती. मी 'तू'च लिहिलं होतं. मग चूक झाली."

"छपाईची?"

"हो."

"मंग बरा," बाबा म्हणाले, आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "आन तुजा? कॉलेजान गेलीस तवापासून मना तुमी म्हनतेस. ती पन छपाईचीच चूक का?"

मी पायरीवर बसले.

"तुज्या आईला इचारलेला मी, पोर माज्याव कशापायी रुसली. ती म्हनली, शिकली हाय, तसाच बोलतात. मना काय पटला नाय."

तीस वर्षं मी त्यांना मान देत होते, आणि ते माझा रुसवा जायची वाट बघत होते. मला रडू आलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं. पुस्तक सुधारता येणार होतं, बाईंना काय वाटायचं ते वाटो. आणि बाबा माझ्यासमोर बसलेले होते.

"चूकच होती," मी म्हणाले. "माझी." पुढचा शब्द जिभेवर यायला जरा वेळ लागला. "बाबा, तू जेवलास का?"

"नाय," बाबा म्हणाला. "भात लाव. वर जरा तुमीप वाढ."