खाली-वर होणारं टेबल

आमच्या ऑफिसातलं नवं टेबल बटण दाबलं की संथपणे वर येतं आणि मी उभ्यानं काम करू लागते. पाठ धरायची, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, थोडं बसा, थोडं उभं राहा.

परवा माझे वडील, अण्णा, विसरलेला डबा द्यायला आले. त्यांचा जन्म यंत्रमागापुढं उभ्यानं गेला. घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला खुर्ची मिळाली हे ते गल्लीभर सांगतात. मला उभी बघून त्यांचा चेहरा पडला.

"खुर्ची काढून घेतली व्हय गं तुझी?"

मी बटण दाबून टेबल खाली आणलं, परत वर नेलं.

"म्हंजे उभं राहायचं का बसायचं, तुझं तू ठरवतीस? मुकादम काय म्हणत न्हाई?"

"नाही, अण्णा."

उभं राहणं तेच. त्यानं त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या आणि माझी पाठ बरी झाली. फरक काय तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा.

त्या खुर्चीत अण्णा ऐसपैस बसले, मांडी घातली आणि म्हणाले, "मग राहा की उभी. मी बसतो."