वाघपट्ट्यांचा बेडूक आणि गुग्गुळाचं झुडूप

दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरवरची नावं रंगवणं हा माझा धंदा. गेल्या हिवाळ्यात सास्तूरच्या एका शाळेतल्या मोठ्या बाईंनी कुंपणाची भिंत रंगवायला सांगितली. एकीकडं नाहीसा होत चाललेला बेडूक, दुसरीकडं तसंच एक फुलांचं झुडूप आणि मधे दोघांतलं साम्य, फरक. फोटो त्यांनी मोबाइलवर पाठवले. बेडूक काय, झुडूप काय, मी कधीच पाहिलं नव्हतं.

बेडूक आंबोलीच्या कातळावरचा, अंगावर वाघासारखे पट्टे. तो झकास जमला. झुडूप गुग्गुळाचं. काटेरी फांद्या, पान एकही नाही, फांदीला चिकटलेली बारीक लाल फुलं. मागं सरकून पाहिलं तर भिंतीवर सरपण काढल्यासारखं दिसत होतं.

शेजारच्या शेतातले काका कोयता घेऊन चालले होते, ते थांबले.

"हे वाळलंय की."

"फोटोत असंच हाय, काका."

"मग जित्तं हाय कशावरून?"

मी मधल्या जागेकडं वळलो. ‘साम्य’ असं लिहून ब्रश धरून बसलो. एकाला पावसाळी डबकं लागतं, दुसऱ्याला कोरडा माळ. दोघं कमी होत चाललेत, एवढंच सारखं. पण ते तर बाईंनी आधीच सांगितलं होतं.

काका म्हणाले, "असलंच एक आमच्या बांधावर हाय. शेताच्या कुपाटीला काट्या हव्यात, म्हणून तोडायलाच निघालो होतो."

मी त्यांच्यासोबत गेलो. झुडपाची साल कागदासारखी सुटत होती, खाली हिरवट अंग. मला धुपासारखा वास आला. काकांना कसलाच आला नाही. फोटो शेजारी धरला, पण उन्हात धड दिसेना. एकदा वाटलं तेच, एकदा वाटलं दुसरंच काही.

"तोडू का नको?"

"राहू द्या."

"आन् हे ते नसलं तर?"

"तरी राहू द्या."

काकांनी कोयता खांद्यावर टाकला. "बेडूक असता तर बरं झालं असतं. आपला आपण पळाला असता."

संध्याकाळी बाईंना बांधावरच्या झुडपाचा मी काढलेला फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून पाहिला, चष्मा काढून पाहिला. "असेल बहुतेक," म्हणाल्या. ‘साम्य’खाली मी त्यांनी सांगितलेल्या दोन ओळी लिहिल्या आणि सामान आवरलं.

परतताना काकांचं शेत लागलं. कुपाटीला काटे कमी पडले होते. उघड्या जागेतून शेळ्या शिरू नयेत म्हणून त्यांनी मोडकी बाज आडवी लावली होती.